पंचनाम्यात न मावलेले : एलिझाबेथकालीन रहस्यकादंबऱ्या आणि त्यांच्यामागचे कागद

३० मे १५९३. टेम्स नदीच्या काठी, लंडनच्या खालच्या अंगाला असलेल्या डेप्टफर्ड या जहाजबांधणीच्या गावात एलिनॉर बुल नावाच्या विधवेच्या घरी सकाळी दहाच्या सुमारास चार पुरुष जमले. दुपारी ते एकत्र जेवले, मग बागेत फिरले, संध्याकाळी सहाला आत आले आणि पुन्हा एकत्र जेवले. जेवणानंतर पैसे कोणी किती द्यायचे यावरून बोलाचाली झाली. चौघांपैकी एक जण पलंगावर पडला होता. दुसरा त्याच्याकडे पाठ करून बाकावर बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेले दोघे असे होते, की त्याला उठता येऊ नये. पलंगावरच्या माणसाने रागाच्या भरात पुढच्याच्या कमरेचा खंजीर उपसून त्याच्या डोक्यावर दोन वार केले. झटापट झाली. तोच खंजीर उलटून पलंगावरच्या माणसाच्या उजव्या डोळ्याच्या वर घुसला. जखम दोन इंच खोल, एक इंच रुंद. माणूस जागच्या जागी मेला. खंजिराची किंमत बारा पेन्स.

मेलेला माणूस होता ख्रिस्तोफर मार्लो. वय एकोणतीस. ‘डॉक्टर फॉस्टस’ आणि ‘टॅम्बर्लेन’चा नाटककार, शेक्सपिअरचा समवयस्क आणि त्या घडीला त्याच्याहून नावाजलेला.

वरचा सगळा तपशील कादंबरीतला नाही. राणीच्या परिवाराचा कोरोनर विल्यम डॅन्बी याने सोळा पंचांसमोर १ जून रोजी केलेल्या लॅटिन पंचनाम्यात तो नोंदलेला आहे. गेल्या चार दशकांत इंग्रजीत एलिझाबेथच्या काळावर (१५५८–१६०३) रहस्यकादंबऱ्यांचे जे उदंड पीक आले, त्याचे बी अशा कागदांत आहे असे माझे म्हणणे आहे. या कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्याला राजवाडे, पिसांचे टाक आणि मेणबत्त्या हव्या असतात हे खरे. पण त्यांची खरी गोडी आहे ती सरकारी कागद संशयाने वाचण्याची. त्या गोडीत एक धोकाही आहे. त्याकडे पुढे येऊ.

कागद उरला कसा?

एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये पोलीसखाते नव्हते. गावचा कॉन्स्टेबल हा आळीपाळीने काम अंगावर पडलेला, बिनपगारी रहिवासी असे. गुन्हा घडला की हाकाटी करायची आणि ऐकणाऱ्यांनी पाठलागाला धावायचे, अशी मध्ययुगापासूनची रीत. त्यावर स्थानिक जमीनदारांतून नेमलेले न्यायाधीश. तपास हा कोणाचाच धंदा नव्हता.

संशयास्पद मृत्यूच्या बाबतीत मात्र एक जुनी, चिवट यंत्रणा होती. ती म्हणजे कोरोनर. राजाच्या वतीने मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी पंच जमवी, सर्वांनी प्रेत प्रत्यक्ष पाहायचे, जखमांची लांबी-खोली मोजायची आणि मृत्यू कसा आला याचा निर्णय शपथेवर द्यायचा. हे पद मराठी वाचकाला अगदीच परके नाही. इंग्रजांनी ते मुंबईत आणले आणि १९९९ पर्यंत ते तिथे टिकले.

या तपशिलामागे न्यायाइतकाच हिशोबही होता. ज्या वस्तूने मृत्यू आला ती, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा होई. म्हणून खंजिराचे बारा पेन्स. गुन्हेगाराची मालमत्ताही जप्त होई, म्हणून ‘पळून गेला की नाही’ याची नोंद. सातव्या हेन्रीच्या काळात, १४८७ साली, खुनाच्या प्रत्येक चौकशीमागे कोरोनरला फी ठरली आणि हे कागद वरच्या न्यायालयाकडे पाठवण्याची शिस्त लागली. परिणामी ज्या देशात तपास करणारे पोलीस नव्हते, त्याच देशात सोळाव्या शतकातल्या अकस्मात मृत्यूंचे पंचनामे हजारोंनी उरले. कोणी विहिरीत पडले, कोणाला बाण लागला, कोणी बैलाच्या शिंगावर गेले.

रहस्यकथाकाराला याहून चांगली जमीन कुठली मिळणार? प्रेत आहे, जखमेची मापे आहेत, साक्षीदारांची नावे आहेत, निर्णयही आहे. नाही ती फक्त उलटतपासणी.

तीन साक्षीदार

मार्लोच्या मृत्यूची गंमत अशी, की हा पंचनामा तीनशे बत्तीस वर्षे कोणी पाहिलाच नव्हता. तोपर्यंत दारूच्या गुत्त्यातला तंटा, बाईवरून झालेला खून, नास्तिकाला देवाने दिलेली शिक्षा अशा कहाण्या चालत. धर्मोपदेशक मंडळींनी तर मार्लोच्या मृत्यूनंतर पाच वर्षांच्या आत त्याचे तात्पर्यसुद्धा काढून ठेवले होते. डेप्टफर्डच्या चर्चच्या नोंदवहीतले मारेकऱ्याचे आडनावही पुढच्या वाचकांनी चुकीचे लावले आणि ‘आर्चर’ नावाचा एक माणूस फुकट बदनाम झाला. लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात लेस्ली हॉटसन या संशोधकाला मूळ कागद सापडला आणि १९२५ साली त्याने तो प्रसिद्ध केला. मारेकरी होता इन्ग्रम फ्रायझर. बाजूला बसलेले दोघे निकोलस स्कीर्स आणि रॉबर्ट पोली.

कागद सापडल्यावर प्रकरण मिटायला हवे होते. झाले उलटे. पंचनाम्यात हे तिघे नुसते ‘गृहस्थ’ आहेत. इतर कागदांत त्यांचे धंदे दिसतात. पोली हा सरकारचा हेर. स्कॉटलंडच्या राणी मेरीला गादीवर बसवण्याचा बॅबिंग्टनचा कट १५८६ साली फोडण्यात त्याचा हात होता. मार्लो मेला त्या दिवशीही तो राणीच्या कामगिरीवर होता, असे त्याला पैसे चुकते केल्याच्या नोंदीवरून दिसते. स्कीर्स त्याच वर्तुळात वावरणारा. फ्रायझर हा मार्लोचा आश्रयदाता थॉमस वॉल्सिंगम याचा कारभार पाहणारा माणूस, आणि हा थॉमस राणीच्या हेरखात्याचा प्रमुख सर फ्रान्सिस वॉल्सिंगम याचा नातलग. खुद्द मार्लोचे काय? १५८७ साली केंब्रिजने त्याची पदवी अडवली तेव्हा मंत्रिमंडळाने पत्र लिहून कळवले होते, की या माणसाने राणीसाहेबांची चांगली सेवा केली आहे. कोणती सेवा, ते लिहिलेले नाही. आणि मृत्यूच्या दहाच दिवस आधी, २० मे रोजी, धर्मद्रोहाच्या संशयावरून त्याला त्याच मंत्रिमंडळापुढे हजर व्हावे लागले होते. रोज हजेरी लावण्याच्या अटीवर तो मोकळा होता.

आता बागेतला तो लांबलचक दिवस पुन्हा वाचा. चौघे आठ तास काय बोलत होते? पलंगाकडे पाठ करून, हलता येणार नाही असे कोणी स्वतःहून बसते का? मधल्या माणसाला उठता येत नव्हते हे पंचांना सांगितले कोणी? सांगणारे तिघेच, आणि त्यातला एक आरोपी. स्वसंरक्षणाच्या बचावाला नेमका लागणारा तपशील कागदात आला आहे आणि कागद तिथेच थांबला आहे. २८ जूनला, म्हणजे चार आठवड्यांत, फ्रायझरला राणीची माफी मिळाली आणि तो पुन्हा वॉल्सिंगमच्या कामाला लागला.

या प्रश्नांवर दोन पुस्तके लागोपाठ आली. १९९२ साली चार्ल्स निकोल या अभ्यासकाचे ‘द रेकनिंग’ आणि १९९३ साली, मार्लोच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली तेव्हा, अँथनी बर्जेसची कादंबरी ‘अ डेड मॅन इन डेप्टफर्ड’. बर्जेसने विद्यार्थिदशेत मार्लोवर प्रबंध लिहिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मनात रुजलेला विषय त्याने आयुष्याच्या अखेरीस कादंबरीत आणला. कादंबरीचा निवेदक हा नाटकमंडळीतला एक फुटकळ नट आहे. त्याने सगळे पाहिलेले नाही आणि ते तो लपवतही नाही. निकोलचे पुस्तक इतिहासाचे, पण ते वाचताना रहस्यकथेसारखे पुढे ओढते. दोघांतला फरक २००२ साली दिसला. त्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत निकोलने आपल्या निष्कर्षाची मांडणी बदलली. इतिहासकाराला तशी सोय असते. कादंबरीकाराने एकदा मारेकऱ्याच्या हाती खंजीर दिला की तो काढून घेता येत नाही.

जिन्याच्या पायथ्याशी

हा फरक किती महाग पडू शकतो, ते दुसऱ्या एका पंचनाम्यावरून कळते.

रविवार, ८ सप्टेंबर १५६०. ऑक्सफर्डजवळ कम्नर येथील वाड्यात एमी डडली, माहेरची रॉब्सार्ट, जिन्याच्या पायथ्याशी मान मोडून मेलेली सापडली. वय अठ्ठावीस. जवळच्या ॲबिंग्डनला त्या दिवशी जत्रा होती आणि एमीने आग्रहाने घरातल्या नोकरमाणसांना जत्रेला पाठवले होते. तिचा नवरा रॉबर्ट डडली त्या वेळी विंडसरला राणीजवळ होता. सत्तावीस वर्षांची अविवाहित एलिझाबेथ आणि तो यांच्याविषयी युरोपभरचे वकील आपापल्या राजांना पत्रे लिहीत होते. डडलीच्या बायकोचा काटा काढण्याचा बेत चालला आहे असे सेसिलने आपल्याला सांगितल्याचे स्पेनच्या वकिलाच्या पत्रात आहे, आणि त्या पत्रावर तारीख आहे ११ सप्टेंबर. म्हणजे बातमी फुटण्याच्या आधीचे संभाषण नोंदले ते मृत्यूनंतर. यातले आधी काय आणि नंतर काय, हे विद्वान अजून उकलत आहेत.

पंचांनी निर्णय दिला : अपघात. डडली निर्दोष सुटला, पण सुटला नाही. तो राणीचा नवरा कधी झाला नाही. त्या जिन्यानंतर ते शक्यच राहिले नाही. १५६७ साली एमीचा सावत्र भाऊ जॉन ॲपलयार्ड ‘डडलीसाठी मी खून झाकला’ असे बोलू लागला. तुरुंगात गेल्यावर आणि पंचनाम्याची नक्कल पाहिल्यावर त्याने शब्द मागे घेतले. १५८४ साली कॅथलिक निर्वासितांनी परदेशात छापून चोरट्या वाटेने इंग्लंडात आणलेल्या पत्रकात डडली हा सराईत विषप्रयोग करणारा ठरला. आणि १८२१ साली सर वॉल्टर स्कॉटने ‘केनिलवर्थ’ लिहिली.

स्कॉटची एमी केनिलवर्थच्या त्या प्रसिद्ध राजेशाही स्वागतसमारंभाच्या वेळी जिवंत आहे. तो समारंभ झाला १५७५ साली. कादंबरीकाराने मेलेल्या बाईला पंधरा वर्षे जास्त जगवले, आणि मग तिला मारण्याचे काम डडलीच्या एका हस्तकाला दिले. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकांसाठी हाच इतिहास झाला. लोक कम्नरला तो जिना शोधत येऊ लागले. वाडा तोवर पाडलेला होता.

मूळ पंचनामा मात्र दप्तरात पडून होता. स्टीव्हन गन या इतिहासकाराला तो २००८ साली सापडला. त्यात मोडलेल्या मानेबरोबर डोक्यावरच्या दोन जखमा आहेत : एक पाव इंच खोल, दुसरी दोन इंच. दोन इंच खोल जखम जिन्याच्या पायरीने होते का, हा प्रश्न लगेच उभा राहिला. दुसरीकडे, १९५६ साली इअन एर्ड या वैद्यकाच्या प्राध्यापकाने मांडलेला तर्कही आहे : एमीला स्तनाचा विकार असल्याची वदंता तिच्या हयातीतच होती, तो कर्करोग मणक्यात उतरला असेल तर साध्या पायरीवरही मान मोडू शकते. कागद म्हणतो, ती एकटी होती आणि खाली उतरताना पडली. एकटी होती तर उतरताना पडली हे पाहिले कोणी? पंचांनी प्रेतावरून मागे जाऊन अंदाज बांधला. रहस्यकथेतला शोधक करतो तेच.

अलीकडच्या कादंबऱ्यांत फियोना बक्ली यांची पहिली कादंबरी (१९९७) याच घटनेवर आहे. अर्सुला ब्लँचर्ड ही तरुण विधवा राणीच्या सेवेत येते आणि डडलीच तिला एमीच्या सोबतीला कम्नरला पाठवतो. अर्सुला काल्पनिक आहे. तिच्यामुळे स्कॉटच्या कादंबरीत नसलेली एक गोष्ट घडते : एमी ही खुनाची सामग्री न राहता आजारी, एकाकी, कधी चिडचिडी अशी बाई होते. बक्लींचा उलगडा सांगून वाचकाचा रसभंग करत नाही. तो पटला नाही तरी कम्नरच्या त्या रिकाम्या घरातली दुपार लक्षात राहते.

हेरांचे राज्य

एमीची कथा घरातली. १५७० नंतरचे वातावरण मात्र सगळ्या देशालाच संशयित करणारे होते. त्या वर्षी पोपने एलिझाबेथला धर्मबाह्य ठरवून प्रजेला तिच्या निष्ठेतून मोकळे केले. तेव्हापासून प्रत्येक कॅथलिक हा संभाव्य राजद्रोही. १५८१ च्या कायद्याने चर्चला न जाण्याचा दंड महिना वीस पौंड झाला, तो भल्याभल्या जमीनदारांना बुडवणारा होता. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक पाद्र्याने इंग्लंडात नुसते असणे हाच राजद्रोह ठरला.

रहस्यकादंबरीकारांनी आपले शोधक या वातावरणात फार विचाराने पेरले आहेत. पोलीस नसलेल्या समाजात सगळीकडे शिरता येईल असा माणूस कोण? एडवर्ड मार्स्टन यांचा निकोलस ब्रेसवेल (पहिली कादंबरी १९८८) हा नाटकमंडळीचा व्यवस्थापक. नाटकवाल्यांना दरबारातही प्रवेश आणि गुत्त्यातही. पी. एफ. चिझम यांचा सर रॉबर्ट केरी स्कॉटलंडच्या सरहद्दीवर घोडेचोरांच्या मागे असतो. हा केरी खराच होता. त्याने आत्मवृत्त लिहिले आणि १६०३ साली राणीच्या मृत्यूची बातमी तीन दिवसांत घोडा मारीत एडिंबरोला पोचवली. रोरी क्लेमेंट्स यांनी ‘मार्टर’मध्ये (२००९) विल्यम शेक्सपिअरला एक थोरला भाऊ कल्पून त्याला वॉल्सिंगमच्या पदरी बांधले.

यांच्यापैकी जो वॉल्सिंगमसाठी काम करतो त्याच्यापुढे एक पेच आपोआप येतो. सत्य शोधणे आणि सरकारला हवे ते शोधणे ही कामे एकच नाहीत. बॅबिंग्टन कटाचेच पाहा. कैदेतल्या मेरीची सांकेतिक पत्रे बिअरच्या पिपातून बाहेर जात आणि वाटेत वॉल्सिंगमचा लिपितज्ज्ञ थॉमस फेलिप्स ती उलगडी. जुलै १५८६ मध्ये कटाला मान्यता देणारे मेरीचे पत्र हाती आले तेव्हा फेलिप्सने नकलेवर फाशीच्या खांबाचे चित्र काढले. वर मूळ पत्राला एक बनावट ताजा कलम जोडला, की खून करणाऱ्या सहा जणांची नावे कळवावीत. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या आपल्या वाचकाला ही करामत समजावून सांगायला नको. मेरी दोषी होती काय? बहुतेक होती. कागद खोटा होता काय? तोही, एवढ्या ओळींपुरता, होता. दोन्ही उत्तरे एका वेळी पेलणारी कादंबरी चांगली. एकच पेलणारी नुसती चुरशीची.

एस. जे. पॅरिस यांच्या ‘हेरेसी’चा (२०१०) नायक हा पेच अंगावर वागवतो. तो आहे जिओर्दानो ब्रूनो, इटलीतून पळालेला बंडखोर तत्त्वज्ञ. तो १५८३ साली इंग्लंडला आला, ऑक्सफर्डला वादविवादाला गेला आणि लंडनमध्ये फ्रेंच वकिलाच्या घरी राहिला, एवढा इतिहास. त्याच घरातून ‘फागो’ या टोपणनावाने वॉल्सिंगमला खबरा जात होत्या. तो फागो म्हणजे ब्रूनो, असे जॉन बॉसी या इतिहासकाराने १९९१ साली मांडले, आणि पॅरिस यांनी त्यावर मालिका उभारली. बॉसीचा सिद्धान्त सर्वांना मान्य झाला नाही. २००१ साली त्यानेच त्या वकिलातीतला कागद फोडणारा म्हणून आणखी एक माणूस, एक कारकून, पुढे आणला. कादंबरीतला ब्रूनो मात्र हेर राहिला. १६०० साली रोममध्ये स्वतःच्या विचारांसाठी जाळला गेलेला माणूस दुसऱ्यांना त्यांच्या श्रद्धेसाठी फासावर पाठवीत होता, हे खरे असेल तर भयंकर आहे. खोटे असेल तर आपण एका मृताच्या अंगावर काय घातले याचाही विचार करायला हवा.

त्याच वर्षी, गोव्यात

ब्रूनो लंडनला पोचला ते १५८३ हे वर्ष आपल्या किनाऱ्यावरूनही पाहता येते. त्याच वर्षी जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिरा विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे चार इंग्रज एलिझाबेथचे बादशहा अकबराला लिहिलेले पत्र घेऊन निघाले. होर्मूझला पोर्तुगिजांनी त्यांना हेर म्हणून पकडले आणि वर्षअखेरीस गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले. त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी खटपट करणाऱ्यांत प्रमुख होते फादर थॉमस स्टीफन्स. पुढे १६१६ साली मराठीत ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे, आपल्या भाषेचे गोडवे गाणारे तेच स्टीफन्स. ते इंग्रज होते, कॅथलिक होते, जेझुइट होते आणि १५७९ पासून गोव्यात होते.

हे चित्र जरा उलटून पाहावे. स्टीफन्स त्या वर्षी लंडनला असते तर वॉल्सिंगमच्या माणसांनी त्यांच्या पाळतीवर दिवस काढले असते; दोनच वर्षांपूर्वी त्यांच्याच संघाच्या एडमंड कँपियनला टायबर्नला फाशी देऊन चिरले होते. गोव्यात मात्र संशयित ठरले ते राणीचे प्रजाजन, आणि त्यांच्यासाठी शब्द टाकला राणीच्या कायद्याने शत्रू मानलेल्या जेझुइटाने. चित्रकार स्टोरी गोव्यातच राहिला. बाकीचे १५८४ च्या एप्रिलमध्ये जामीन टाकून निसटले. हेर कोण आणि भला माणूस कोण, हे बरेचदा कागद कोणत्या बंदरात लिहिला गेला यावर ठरते. या चौघांवर कोणी रहस्यकादंबरी लिहिली तर तिला कल्पनेची फार भर घालावी लागणार नाही.

आनंद आणि हिशोब

मग या कादंबऱ्या वाचाव्यात कशा? मनसोक्त वाचाव्यात. बोटांचे ठसे नसलेल्या जगात लाखेची मोहोर, मेणबत्तीची उरलेली लांबी आणि बुटांवरचा चिखल यांवर चालणारा तपास हा रहस्यकथेचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वच्छ आनंद आहे. पण वाचून झाल्यावर एक छोटा हिशोब करावा : कादंबरीने खुनी ठरवलेला माणूस खरा होता की कल्पित?

मला दिसते ते असे, की या प्रकारातले जाणते लेखक प्रेत आणि मारेकरी आपल्या पदरचे आणतात. खऱ्या माणसांना भोवती फिरवतात, पण त्यांच्या गळ्यात फास अडकवत नाहीत. अडकवलाच, तर शेवटच्या टिपणात आपले कुठले आणि दप्तराचे कुठले हे सांगून टाकतात. ते टिपण कथा संपल्यावर पुस्तक मिटणाऱ्याने जरूर वाचावे. डडलीला स्कॉटने असे टिपण मनापासून दिले असते, तर पुढच्या पिढ्यांनी त्याला इतक्या सहज खुनी म्हटले नसते. ऐतिहासिक कादंबरीतले संवाद व्यासपीठावरून इतिहास म्हणून म्हटले जातात अशा आपल्या वाचनसंस्कृतीलाही ही सवय उपयोगी पडेल.

डॅन्बीच्या सोळा पंचांनी शपथेवर मार्लोचा निर्णय दिला आणि ते आपापल्या घरी गेले. त्यांनी जखम मोजली ती बरोबर मोजली असेल. खंजिराची किंमतही बरोबर लावली असेल. पण दिवसभर बागेत काय बोलणे झाले, हे त्यांनी विचारले नाही, किंवा विचारले तरी लिहून ठेवले नाही. कादंबरीकार त्या बागेत घुटमळत आहेत ते त्यामुळेच. त्यांच्यापैकी कोणाचेही उत्तर दप्तरात लागणार नाही. पण प्रश्न जिवंत ठेवल्याबद्दल, आणि कागदावरची सही म्हणजे शेवटचा शब्द नव्हे हे शिकवल्याबद्दल, त्यांचे ऋण मान्य करायला हरकत नाही.